गोल्फच्या खेळांतील खरें नैपुण्य

गोल्फचें नांव निघतांच आमच्या परिचयाच्या सुशिक्षित कुटुंबांतून दोन आक्षेप हटकून ऐकूं येतात. पहिला असा कीं, हा श्रीमंतांचा खेळ आहे. दुसरा आक्षेप त्याहून मार्मिक आहे. क्रिकेटमध्यें चेंडू अंगावर येतो, टेनिसमध्यें प्रतिस्पर्धी तो हवा तिकडे पळवितो, कुस्तींत तर समोरचा मल्ल श्वास घेण्याचीही उसंत देत नाहीं. परंतु गोल्फचा चेंडू जमिनीवर स्वस्थ पडलेला असतो, टोला मारण्यापूर्वीं विचार करण्यास अवकाश मिळतो, आणि मध्यें कोणी आडवा येत नाहीं. मग यांत कौशल्य तें कसलें? पहिल्या आक्षेपांत तथ्य आहे. एका मैदानाला शंभराहून अधिक एकर जमीन आणि अतोनात पाणी लागतें. पण त्याचा निवाडा करण्याचें हें स्थळ नव्हे. दुसऱ्या आक्षेपाचें उत्तर मात्र शोधण्यासारखें आहे. कारण तें शोधतां शोधतां कौशल्य म्हणजे काय याविषयींची आपली नेहमींची समजूतच तपासून पाहावी लागते.

आमचा या विषयांतील अधिकार केवळ प्रेक्षकाचा आहे, हें आरंभींच सांगतों. आमची हयात मुलांना शब्दरूपें व संधि शिकविण्यांत गेली. गोल्फची काठी आम्हीं कधीं हातीं धरली नाहीं. निवृत्तीनंतर दूरचित्रवाणीवर हा खेळ पाहण्याचा नाद लागला. अमेरिकेंतील सामन्यांची रविवारची शेवटची फेरी आपल्याकडे सोमवारीं पहाटे संपते, आणि पहाटे उठण्याची संवय आम्हांला जन्माची असल्यामुळें ती आयतीच पाहावयास सांपडते. प्रेक्षकाला एक लाभ असतो. त्याला स्वतः जिंकावयाचें नसल्यामुळें हरणाऱ्याकडेही तो निवांतपणें पाहूं शकतो.

ज्यांना हा खेळ अपरिचित आहे त्यांच्यासाठीं त्याचें स्वरूप थोडक्यांत सांगतों. विस्तीर्ण मैदानांत दूरदूर अठरा खळगे असतात. प्रत्येक खळग्याचा आरंभ ठराविक जागेपासून करावयाचा आणि शक्य तितक्या थोड्या टोल्यांत चेंडू आंत घालावयाचा. सर्व टोल्यांची बेरीज ज्याची कमी, तो विजयी. चांगल्या खेळाडूस किती टोले पुरावेत याची प्रत्येक खळग्यास एक संख्या ठरलेली असते. तिला पार म्हणतात. खळग्याभोंवतीं बारीक कापलेली हिरवळ असते व तिजवरून चेंडू हलक्या हातानें घरंगळवीत नेण्याला पटिंग म्हणतात. वाटेंत वाळूचे खड्डे, तळीं, ओढे आणि उंच गवत असतें. खेळाडूस जवळ जास्तींत जास्त चौदा काठ्या बाळगतां येतात.

हा खेळ मूळचा स्कॉटलंडचा. धनुर्विद्येच्या अभ्यासांत व्यत्यय येतो म्हणून तेथील पार्लमेंटानें १४५७ मध्यें त्यावर बंदी घातली होती. बंदी विरली आणि खेळ उरला. अठरा खळग्यांचा प्रघात सेंट अँड्र्यूज येथील मैदानावरून पडला. आज ज्याला ओपन म्हणतात तो सामना १८६० मध्यें प्रेस्टविक येथें प्रथम झाला, तेव्हां त्यांत अवघे आठ धंदेवाईक खेळाडू होते. आपल्याकडे कलकत्त्याचा क्लब १८२९ पासून आहे. त्या काळीं धंदेवाईक खेळाडू म्हणजे काठ्या व चेंडू बनविणारा, मैदानाची निगा राखणारा आणि धनिकांच्या पिशव्या वाहणारा मनुष्य. क्लबांतील सभ्य गृहस्थ त्याला आपल्या पंक्तीस बसवून घेत नसत. आज त्याच्याकडे लक्षावधि लोक डोळे लावून बसतात. पालखींत बसणारे बदलले. पण पोट ज्याचें खेळावर अवलंबून आहे त्याला आपल्या चुकांचा हिशेब ठेवणें भाग पडतें, ही गोष्ट मात्र तेव्हांपासून आजतागायत बदललेली नाहीं. आमच्या मतें सगळें मर्म येथेंच आहे.

आतां स्थिर चेंडूच्या प्रश्नाकडे वळूं. नियमाप्रमाणें चेंडूचें वजन ४५.९३ ग्रॅमहून जास्त असूं नये आणि व्यास ४२.६७ मिलिमीटरहून कमी असूं नये. खळग्याचा व्यास १०८ मिलिमीटर. धंदेवाईक पुरुष खेळाडूचा पहिला लांब टोला सरासरीनें ३०० यार्डांच्या आसपास जातो. त्या वेळीं काठीच्या टोकाचा वेग ताशीं सुमारें १८० किलोमीटर असतो, आणि काठी व चेंडू यांचा स्पर्श एका सेकंदाच्या दोन हजाराव्या हिश्शाच्या जवळपास टिकतो. ज्यांना शाळेंतील त्रिकोणमिति आठवत असेल त्यांनीं एक लहानसें गणित करून पाहावें. चेंडू निघतांना दिशा एका अंशानें चुकली, तर ३०० यार्डांवर तो सुमारें सव्वापांच यार्ड बाजूला पडेल. एक अंश म्हणजे किती? घड्याळाचा मिनिटकांटा दहा सेकंदांत जेवढा सरकतो तेवढा. तीन अंशांची चूक झाली कीं चेंडू पंधरा यार्डांहून अधिक बाजूला गेलाच. त्यांतच काठीचें तोंड एकीकडे व काठीचा मार्ग दुसरीकडे असें झालें म्हणजे चेंडूला तिरपी गिरकी मिळते आणि तो हवेंत आणखी वळतो. जुने शिक्षक सांगत कीं, चेंडू काठीच्या मार्गानें निघतो. अलीकडे रडारयंत्रांनीं मोजून पाहतां, काठीचें तोंड जिकडे असेल मुख्यत्वें तिकडेच तो निघतो असें ठरलें.

म्हणजे चेंडू स्थिर असतो हें खरें. पण त्यामुळें चुकीचा सगळा भार मारणाऱ्यावर येऊन पडतो. क्रिकेटमधील फलंदाज बाद झाला तर गोलंदाजाच्या करामतीकडे बोट दाखवूं शकतो. गोल्फमध्यें तशी सोय नाहीं. फार तर वाऱ्याला दोष द्यावा. पण तो वारा सर्वांनाच असतो.

आमच्या ओळखीचे एक गृहस्थ दर रविवारीं गोल्फ खेळतात. त्यांनीं एकदां २४० यार्डांचा सरळसोट टोला मारला होता, आणि तो टोला आम्हीं त्यांच्या तोंडून निदान वीस वेळां ऐकला आहे. त्याच फेरींत तळ्यांत किती चेंडू गेले हें मात्र त्यांना आठवत नाहीं. ते अप्रामाणिक आहेत असें मुळींच नाहीं. हौशी माणसाची स्मृतीच तशी असते. तो आपल्या उत्तम टोल्यावरून आपली योग्यता ठरवितो. धंदेवाईक खेळाडूला उत्तम टोल्याचें फारसें कौतुक नसतें. आपला वाईट टोला किती वाईट पडतो आणि कोणत्या बाजूला पडतो, याची त्याला नेमकी कल्पना असते. त्याच्या अभ्यासाचा बराचसा भाग ती वाईट बाजू आखूड करण्यांत खर्च होतो. वर्षानुवर्षें दिवसाला शेंकडों चेंडू मारून तो जें मिळवितो, तें हेंच.

आमच्या जुन्या पाठशाळांतून या प्रकारच्या नैपुण्याचा एक फार थोर नमुना होता. वेदपठनांत पद, क्रम, जटा, घन असे पाठ आहेत. तेच शब्द पुढेंमागें फिरवून म्हणण्याची ही खटपट श्रवणसुखासाठीं नव्हती. एखादें अक्षर गळलें किंवा स्वर ढळला तर तो तत्काळ पकडला जावा म्हणून होती. मनुष्याची जीभ चुकणारच हें गृहीत धरून त्या लोकांनीं पाठाची रचना केली. म्हणून उत्तम घनपाठी तो, ज्याच्या पठनांत चुकीला शिरावयास जागा उरत नाहीं. आवाजाचा गोडवा असला तर दुधांत साखर.

गोल्फच्या बाबतींत हीच गोष्ट आंकड्यांनीं सिद्ध झाली आहे. अमेरिकेंतील कोलंबिया विद्यापीठाचे प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनीं तेथील धंदेवाईक सामन्यांतील लक्षावधि टोल्यांच्या नोंदी तपासून एक नवी मोजपद्धति बसविली. ती समजण्यास सोपी आहे. आठ फुटांवरून चेंडू खळग्यांत घालण्यास या खेळाडूंना सरासरीनें दीड टोला लागतो. ज्यानें तो एकाच टोल्यांत घातला त्यानें अर्धा टोला मिळविला; ज्याला दोन लागले त्यानें अर्धा गमावला. अशा रीतीनें प्रत्येक टोल्याचा जमाखर्च मांडतां येतो. पटिंगसाठीं ही पद्धति २०११ मध्यें अमेरिकेंतील धंदेवाईकांच्या मंडळानें स्वीकारली, आणि २०१४ मध्यें ब्रॉडी यांनीं आपलें पुस्तक प्रसिद्ध केलें. गोल्फच्या रसिकांत पूर्वापार अशी समजूत आहे कीं, लांबचा टोला लोकांना दिपविण्यापुरता. बक्षिसाची रक्कम पटिंगवर ठरते. ब्रॉडी यांच्या हिशेबानें ती समजूत डळमळली. अव्वल दर्जाचे खेळाडू इतर धंदेवाईकांहून जेवढे सरस ठरतात, त्यांतील पटिंगचा वांटा सुमारें १५ टक्केच निघाला. हिरवळीकडे चेंडू पाठविण्याच्या दुरून मारलेल्या टोल्यांचा सुमारें ४० टक्के. एकंदरींत शंभर यार्डांपलीकडून मारलेले टोले दोनतृतीयांश फरक घडवितात.

येथें प्रेक्षकाच्या आणखी एका भ्रमाचें निरसन होतें. आठ फुटांवरून पट चुकला म्हणजे घरोघरीं हळहळ व्यक्त होते, जणूं कांहीं मोठा गुन्हा घडला. वस्तुतः जगांतील उत्तमोत्तम खेळाडूही आठ फुटांवरून शंभरांपैकीं पन्नासच्या आसपास वेळांच यशस्वी होतात. वीस फुटांवरून तर पंधराच्या आसपास. ज्याला आपण चूक समजतों तें पुष्कळदां त्या अंतराचें स्वाभाविक फळ असतें. खरी चूक त्यापूर्वींच, दीडशें यार्डांवर, झालेली असते. तिकडे आपलें लक्ष नसतें.

चुकीचा असा हिशेब कळल्यावर नेम कोठें धरावयाचा हा प्रश्नही निराळा होतो. द्रोणाचार्यांनीं घेतलेली परीक्षा लहानपणापासून सर्वांना ठाऊक आहे. झाड, फांदी, भाऊ, गुरु यांपैकीं अर्जुनाला कांहींच दिसत नव्हतें. दिसत होता तो केवळ पक्ष्याचा डोळा. एकाग्रतेचा तो आदर्श आहे, आणि काठी प्रत्यक्ष फिरवितांना गोल्फ खेळणाऱ्यालाही तो लागू पडतो. पण काठी उचलण्यापूर्वींची स्थिति वेगळी असते. त्या वेळीं त्याला झाड दिसलें पाहिजे, फांदी दिसली पाहिजे, ओढाही दिसला पाहिजे. आणि आपला चेंडू चुकला तर यांपैकीं कोठें पडेल याचा विचार करून, पक्ष्याच्या डोळ्यापासून कित्येकदां मुद्दाम दहा पावलें दूर नेम धरावा लागतो.

अमेरिकेंतील ऑगस्टा येथील मैदानाचा बारावा खळगा याची साक्ष देईल. अंतर फक्त १५५ यार्ड. परंतु पुढें ओढा, मागें वाळू व झाडी, आणि मध्यें अरुंद हिरवळ. २०१९ च्या एप्रिलमध्यें मास्टर्स सामन्याच्या शेवटच्या दिवशीं निशाण हिरवळीच्या उजव्या अंगाला होतें. आघाडीवर असलेल्या फ्रान्चेस्को मोलिनारीचा चेंडू ओढ्यांत गेला. त्याच दुपारीं ब्रूक्स केप्का, इयन पोल्टर आणि टोनी फिनाव या नामांकित खेळाडूंचेही चेंडू त्याच ओढ्यांत गेले. टायगर वुड्सनें मात्र निशाणाचा मोह सोडून हिरवळीच्या डाव्या बाजूला चेंडू टाकला, दोन पटांत खळगा पुरा केला, आणि शेवटीं अवघ्या एका टोल्यानें सामना जिंकला. त्या वेळीं तो ४३ वर्षांचा होता, आणि मोठा सामना जिंकून त्याला जवळजवळ अकरा वर्षें लोटलीं होतीं. त्याचा तो टोला पाहतांना प्रेक्षकांपैकीं कोणाचेंही भान हरपलें नसेल. पण सामन्याचें पारडें त्याच टोल्यानें फिरविलें असें आम्ही समजतों.

याच्या उलट उदाहरण फ्रान्सच्या ज्याँ व्हॅन द व्हेल्डचें. १९९९ मध्यें कार्नुस्टी येथील ओपन सामन्यांत शेवटच्या खळग्यापाशीं तो आला तेव्हां त्याला तीन टोल्यांची आघाडी होती. पार चार, आणि सहा टोले लागले असते तरी तोच विजयी झाला असता. आखूड व सुरक्षित खेळण्यास भरपूर वाव असतांना त्यानें सर्वांत लांब काठी उचलली. चेंडू उजवीकडे भरकटला. दुसरा टोला प्रेक्षकांच्या मचाणावर आदळून उंच गवतांत परतला, तिसरा ओढ्यांत गेला. बूट काढून, विजार गुडघ्यांपर्यंत दुमडून तो पाण्यांत उतरला, तें चित्र गोल्फच्या इतिहासांत कायमचें राहिलें. अखेर सात टोले लागले, बरोबरी झाली, आणि जादा खेळांत पॉल लॉरी जिंकला, जो त्या दिवशीं सकाळीं दहा टोल्यांनीं मागें होता. व्हॅन द व्हेल्डच्या अंगीं टोल्यांचें कौशल्य कमी होतें असें कोण म्हणेल? तीन दिवस आणि सतरा खळगे त्यानें सर्वांना मागें टाकलें होतें. उणें पडलें तें चुकीसाठीं जागा ठेवण्याचें भान.

चूक घडून गेल्यावर जें करावयाचें तें नैपुण्याचें तिसरें अंग. दोन टोल्यांमध्यें खेळाडूला पांचपांच मिनिटें चालावें लागतें, आणि चेंडूच्या स्वस्थपणामुळेंच हा काळ जड जातो. धांवपळीच्या खेळांत चूक विसरावयास लावणारी घाई असते. येथें मनुष्य व त्याची चूक हीं दोघें बरोबर चालत असतात. आयर्लंडचा रोरी मॅकिलरॉय २०११ मध्यें ऑगस्टा येथें शेवटच्या दिवशीं चार टोल्यांच्या आघाडीनें उतरला आणि ८० टोले घेऊन पार मागें पडला. दोनच महिन्यांनीं त्यानें अमेरिकेचा ओपन सामना आठ टोल्यांनीं जिंकला. तरी ऑगस्टा त्याला वश होण्यास २०२५ उजाडावें लागलें. त्या विजयी आठवड्यांतही चार खळग्यांवर त्याला पारपेक्षां दोन दोन टोले अधिक लागले. शेवटच्या दिवशीं जवळच्या अंतरावरून त्यानें चेंडू पाण्यांत घातला. अठराव्या खळग्यावर सुमारें पांच फुटांचा पट चुकवून हातचा विजय घालविला. आणि लगेच त्याच खळग्यावर झालेल्या जादा खेळांत जस्टिन रोझला हरविलें. चारही मोठे सामने जिंकणारा तो सहावा पुरुष. इतक्या चुका करून मनुष्य जिंकतो कसा, असें पुष्कळांनीं विचारलें. आमच्या मतें उत्तर सोपें आहे: प्रत्येक चुकीनंतरचा टोला त्यानें त्या चुकीला साक्षी न ठेवतां मारला.

चौथें अंग सर्वांत अवघड, कारण तें हाताचें नव्हे, डोक्याचेंही नव्हे. या खेळांत खेळाडू पुष्कळ अंशीं स्वतःच पंच असतो. १९२५ मध्यें वूस्टर येथें अमेरिकेच्या ओपन सामन्यांत बॉबी जोन्स उंच गवतांत टोल्याची तयारी करीत असतांना चेंडू किंचित हालला. तें दुसऱ्या कोणीं पाहिलें नव्हतें. जोन्सनें आपण होऊन एक टोला दंड लावून घेतला. अखेरीस विली मॅकफार्लेनशीं त्याची बरोबरी झाली, आणि छत्तीस खळग्यांच्या जादा खेळांत तो एका टोल्यानें हरला. या कृत्याची स्तुति झालेली त्याला रुचत नसे. जोन्स हौशी होता. परंतु तोच नियम धंदेवाईकांना आहे, आणि तेथें तर एका टोल्याबरोबर रोकड रक्कम जाते. १९६८ च्या मास्टर्समध्यें अर्जेंटिनाच्या रॉबेर्तो दे व्हिचेंझोनें सतरावा खळगा तीन टोल्यांत पुरा केला. बरोबरच्या खेळाडूनें कागदावर चार लिहिले. आणि व्हिचेंझोनें न तपासतां सही केली. लाखों लोकांनीं तीन टोले डोळ्यांनीं पाहिले होते. पण सही केलेला मोठा आंकडा कायम राहतो असा नियम. बरोबरीची संधि गेली व बॉब गोल्बी विजयी झाला. तो दिवस व्हिचेंझोचा ४५ वा वाढदिवस होता. त्यानें लिहिणाऱ्याला दोष दिला नाहीं. सही आपली होती एवढेंच मानलें.

व्याकरण शिकविणाऱ्याला उत्सर्ग सांगितल्यावर अपवाद सांगितल्याशिवाय चैन पडत नाहीं. दुरून मारलेले टोले फरक घडवितात हा उत्सर्ग झाला; त्याचा अपवाद बंगळूरच्या अदिति अशोकनें दाखविला. २०२१ मध्यें तोकिओ येथें झालेल्या ऑलिंपिकमध्यें ती जागतिक क्रमवारींत २०० वी असतांना उतरली. तिची आई तिची पिशवी उचलून बरोबर चालत होती. तिच्या टोल्यांची लांबी प्रतिस्पर्धिनींच्या मानानें पुष्कळच कमी. तरी हिरवळीवरील असामान्य पटिंगच्या बळावर ती चौथी आली आणि कांस्यपदक अवघ्या एका टोल्यानें हुकलें. तिच्यापाशीं जें नव्हतें त्याचा तिनें शोक केला नाहीं. चेंडू मार्गाबाहेर जाऊं न देतां, जें होतें त्यावर सगळा भार टाकला. म्हणजे अपवादही शेवटीं मूळ नियमालाच येऊन मिळतो. ज्याला आपल्या उणिवेचें माप अचूक ठाऊक आहे, तो तिच्या भोंवतीं आपला खेळ रचूं शकतो.

वाचकांनीं पुढें कधीं हा खेळ पाहिला तर आमची एक सूचना ध्यानांत ठेवावी. आकाशांत उंच गेलेल्या चेंडूकडे सगळेच पाहतात. आपण ज्याचा चेंडू झाडींत गेला त्याच्याकडे पाहावें. तो कोणती काठी निवडतो, किती पुढें जाण्याचा लोभ धरतो कीं मुकाट्यानें आडवा मारून मार्गावर येतो, आणि नंतर कागदावर काय लिहितो, हें पाहावें. आणि घरांतील मुलानें गणिताचा चुकलेला पेपर आणून दाखविला, तर गुणांकडे बोट दाखविण्यापूर्वीं तिसऱ्या प्रश्नांत चुकल्यावर चौथा कसा सोडविलास, एवढें त्याला अवश्य विचारावें. वर्गांत आम्हीं पुष्कळ हुषार मुलें पाहिलीं. पहिली चूक होईपर्यंत त्यांतील बहुतेक सारखींच दिसत. चूक झाल्यानंतर मात्र त्यांची निवड आपोआप होत असे.